घरातील खगोलाचा अभ्यास

गेल्या वर्षी सप्टेंबर महिन्यात आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपल्यावर एक लहानशी सभा भरली. सभेपुढील प्रश्न आमच्या थोरल्या बंधूंच्या कन्येचा होता. मुलगी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात, मुख्य विषय इतिहास. हल्लीच्या नियमांप्रमाणे दुसऱ्या शाखेतील एखादा विषय जोडीस घ्यावा लागतो, म्हणून तिने हौसेने खगोलशास्त्राची ओळख करून देणारा अभ्यासक्रम निवडला होता. पहिल्याच चाचणीत तिला वीसांपैकी सहा गुण मिळाले. बंधूंचे म्हणणे असे पडले की, मुदत आहे तोवर विषय बदलून घ्यावा. गणिताला भिणाऱ्या मुलीने ताऱ्यांच्या वाटेस जावेच कशाला? वहिनींना ते पटत नव्हते, पण मुलीचे रडवेले तोंड त्यांनाही पाहवत नव्हते. घरात पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेले आम्ही एकटेच, तेव्हा निकाल देण्याचे काम ओघानेच आमच्याकडे आले.

आम्ही मोठ्या गांभीर्याने उत्तरपत्रिका मागवली. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर तांबड्या शाईने शून्य काढले होते. प्रश्न होता, ‘उन्हाळा व हिवाळा का होतात?’ आणि उत्तर होते, ‘पृथ्वी आपल्या लंबवर्तुळाकार कक्षेत सूर्याच्या जवळ येते तेव्हा उन्हाळा होतो.’ आम्ही मान हलवून म्हटले, “अगं, हे असं कसं लिहिलंस?” त्यावर ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “काका, हे मला तुम्हीच सांगितलं होतंत. मी आठवीत असताना, गॅलरीत.”

सभा तेथेच बरखास्त झाली असती तर आम्हांस बरे वाटले असते. कक्षा, उपसूर्य, अपसूर्य हे सारे आम्ही एके काळी पाठ केले होते आणि परीक्षेत पहिल्या वर्गाचे गुणही मिळवले होते. पण पुस्तकात शिकलेली गोष्ट आणि गॅलरीत उभे राहून बोललेली गोष्ट यांची आमच्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या प्रारंभी. तेव्हा हे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या प्रारंभी ते सुमारे १५ कोटी २१ लाखांवर जाते. म्हणजे पुण्यात आपण शाली पांघरून बसतो, तेव्हाच सूर्य आपल्या सर्वांत निकट असतो! आमच्या समाधानासाठी एवढेच सांगता येईल की, या चुकीत आम्ही एकटे नाही. अमेरिकेत १९८७ साली निघालेल्या एका शैक्षणिक चित्रपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभास आलेल्या पदवीधरांना व अध्यापकांना हाच प्रश्न विचारला होता, आणि बहुतेकांनी आमच्यासारखेच उत्तर दिले. अर्थात मोठ्या लोकांच्या संगतीने चूक काही लहान होत नाही.

त्या रात्री असे ठरले की, विषय बदलावयाचा नाही. काकांनी पुतणीबरोबर पुन्हा पहिल्यापासून अभ्यास करावयाचा. हा निकाल दिला तो आमच्या मातोश्रींनी. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, आणि पुढे शिकण्याची इच्छा होती हे त्या सहसा बोलून दाखवीत नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “चूक घरात शिकली, तर घरातच सुधारू द्या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी एक गोष्ट केली, ती कोणाही विद्यार्थ्याने पुस्तक उघडण्यापूर्वी करावी असे आम्हांस वाटते. एक मीटर उंचीची सरळ काठी गच्चीवर ओळंब्याने अगदी उभी रोवली आणि माध्यान्हीची तिची सावली मोजावयाचे ठरविले. पुण्याची माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, हा पहिला धडा. आपले घड्याळ चालते ते साडेब्याऐंशी अंश रेखांशाच्या वेळेवर, आणि पुणे आहे चौऱ्याहत्तर अंशांच्या किंचित अलीकडे. प्रत्येक अंशास चार मिनिटे या हिशेबाने सूर्य आपल्या माथ्यावरील रेषेवर येतो तो सरासरीने बारा वाजून पस्तीस मिनिटांनी. आणि हीही वेळ वर्षभर मागेपुढे झुलत असते. पहिले कित्येक दिवस परतीच्या पावसाने घेतले. ऑक्टोबरच्या दहा तारखेस सावली सुमारे ४७ सेंटिमीटर भरली. पुढे ती दर आठवड्यास लांबत गेली, आणि वहीतले ते वाढते आकडे पाहून मुलीस आपोआप उमगले की, सूर्य दूर गेलेला नसून खाली उतरला आहे. तिरपे आलेले ऊन अधिक जमिनीवर पसरते, म्हणून सौम्य लागते. आणि दिवसही आखूड होतो. पुण्यात जूनअखेरचा दिवस सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरअखेरचा अवघा अकरा तासांचा. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे वाक्य पुस्तकात होतेच. पण ते खरे झाले ते गच्चीवर. वर्षातून दोन वेळा, मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, हीच काठी पुण्यात माध्यान्ही सावलीच टाकीत नाही, आणि त्या दोन दिवसांच्या दरम्यान सावली चक्क दक्षिणेकडे पडते. लंडनमध्ये लिहिलेल्या पुस्तकात हे कोठून येणार?

चाचणीतला दुसरा फसलेला प्रश्न चंद्रकलांचा होता. ‘पृथ्वीची सावली चंद्रावर पडल्यामुळे कला दिसतात’ असे मुलीने ठोकून दिले होते. आम्ही टेबलावर दिवा ठेवून आकृती काढण्याच्या तयारीत होतो, तोच वाती वळीत बसलेल्या मातोश्री म्हणाल्या, “सावली पडते ती ग्रहणात ना? आणि चंद्रग्रहण लागतं ते पौर्णिमेलाच. मग अष्टमीच्या अर्ध्या चंद्रावर सावली कुणाची?” मुलगी क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिली. एका वाक्यात पुस्तकाच्या दोन पानांचे काम झाले होते.

तेव्हापासून आजी अभ्यासाला बसू लागल्या, आणि आमच्या असे ध्यानात आले की, ज्या घरात पंचांग उघडले जाते, त्या घरातल्या मुलास या अभ्यासक्रमाचा चौथा हिस्सा आधीच ठाऊक असतो; फक्त त्याला तशी कोणी ओळख करून दिलेली नसते. तिथी म्हणजे काय? सूर्य व चंद्र यांच्यातील कोनाचे अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी झाली. तीस तिथी, तीनशेसाठ अंश. अमावास्येस दोघे एकत्र, पौर्णिमेस समोरासमोर, आणि अष्टमीच्या मध्यास बरोबर काटकोनात. म्हणूनच शुद्ध अष्टमीस सूर्य मावळताना चंद्र डोक्यावर दिसतो. इंग्रजी पुस्तकातील ज्या आकृतीवर मुले तासन्‌तास डोके फोडतात, ती आकृती म्हणजे आपली तिथीच होय. संकष्टीचा उपास करणाऱ्या बाईस चंद्र रोज सरासरीने पाऊण-एक तास उशिरा उगवतो हे कोणी शिकवावे लागत नाही. आम्ही लिंबू हातात धरून, अंधाऱ्या खोलीत एकाच दिव्यासमोर तिला गोल फिरावयास लावले. लिंबावर कोर उमटली, अर्धे झाले, पूर्ण झाले. हा प्रयोग दहा मिनिटांचा आहे आणि तो डोळ्यांपुढून जात नाही.

पंचांगातला आणखी एक प्रश्न मुलीने स्वतःच काढला. नक्षत्रे सत्तावीस आणि तिथी तीस, असे का? चंद्राची फेरी जर एकच, तर दोन निरनिराळ्या संख्या कशा? उत्तर असे की, चंद्र एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येतो तो २७.३ दिवसांनी, पण तेवढ्या अवधीत सूर्य सुमारे सत्तावीस अंश पुढे सरकलेला असतो, आणि त्याला गाठावयास चंद्राला आणखी दोन दिवसांहून थोडे अधिक लागतात. म्हणून अमावास्येपासून अमावास्येपर्यंत २९.५ दिवस होतात. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. ऋतूंच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. ही तूट साचत जाते, आणि अधिक महिना टाकून ती भरून काढतात. २०२३ साली अधिक श्रावण आला तो यामुळेच. चाचणीपुस्तकात ‘नाक्षत्र मास व चांद्रमास यांतील फरक स्पष्ट करा’ असा जो रुक्ष प्रश्न असतो, त्याच्या पोटात एवढे सगळे दडलेले आहे. जाता जाता एक गमतीची गोष्ट सांगतो. मुलगी ‘खगोल’ शिकते हे कळल्यावर शेजारच्या एका बाईंनी आपल्या चिरंजीवांची पत्रिका तिच्यापुढे आणून ठेवली! पंचांगातले गणित निराळे आणि फळ सांगणे निराळे, हे त्यांना समजावता समजावता तिची दुपार गेली. हा गोंधळ शिकलेल्या घरांतूनही अजून निघालेला नाही.

गणिताचे भय घालवण्यास मात्र पंचांग पुरेना. लाख कोटींचे आकडे दिसले की मुलगी पान उलटत असे. तेव्हा आम्ही स्वयंपाकघरातून चौदा सेंटिमीटर व्यासाचा सोललेला नारळ आणला आणि तो सूर्य आहे असे मानले. या मापाने पृथ्वी म्हणजे मोहरीचा एक दाणा, आणि ती ठेवावयाची पंधरा मीटर दूर; आमच्या देवघरापासून फाटकापर्यंत तेवढेच अंतर भरते. चंद्र मोहरीपासून चार सेंटिमीटरांवर, राजगिऱ्याच्या कणाहून लहान. नेपच्यून साडेचारशे मीटरांवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याच्याही पलीकडे. मग मुलीला विचारले, “आता दुसरा नारळ कोठे ठेवायचा?” सूर्यासारखा सर्वांत जवळचा तारा अल्फा सेंटॉरी, सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडा दूर. तिने कागदावर दहाचे घात मांडले, शून्ये दोनदा मोजली, आणि चकित होऊन म्हणाली, “काका, चार हजार किलोमीटर! सिंगापूरच्याही पुढे!” पुण्यात एक नारळ, सिंगापूरपलीकडे दुसरा, आणि मध्ये जवळजवळ काहीच नाही. त्या दिवसानंतर दहाचा घात ही तिला भयाची वस्तू राहिली नाही. पहिल्या वर्षाच्या खगोलात लागणारे गणित फार नसते. बहुतेक ठिकाणी प्रमाण काढता आले म्हणजे झाले. अंतर तिप्पट झाले की प्रकाश नवव्या हिश्श्यावर येतो, एवढे ज्याला नीट कळले त्याची निम्मी उदाहरणे सुटतात. सूत्रे पाठ करून त्यांत आकडे भरीत बसणारा मुलगा मात्र एकक चुकले की थेट दरीत जातो.

ताऱ्यांच्या प्रकरणापाशी येऊन अभ्यास पुन्हा अडला. वर्णपट, रेषा, तपमान हे सारे तिला परके वाटे. येथे तिला मार्ग सापडला तो आमच्या पदार्थविज्ञानातून नव्हे, तिच्या इतिहासातून. हेलियम हे मूलद्रव्य प्रथम सूर्यावर ओळखले गेले असे तिने वाचले आणि म्हणाली, “विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात ते त्याचेच ना? सहलीत आम्हांला सांगितलं होतं.” मग तीच शोधास लागली, आणि निघाले ते असे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन हे फ्रेंच ज्योतिर्विद गुंटूर येथे होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या तेजस्वी रेषा इतक्या स्पष्ट होत्या की, ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे त्यांच्या ध्यानात आले. नॉर्मन लॉकियर त्या वेळी हिंदुस्थानात नव्हतेच. त्यांनी इंग्लंडात, ग्रहणाशिवाय, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या रेषा पाहिल्या, आणि त्यांतील पिवळी रेषा सोडियमची नव्हे हे ओळखले. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ साली, रॅम्झे यांना. लॉकियर विजयदुर्गास आले खरे, परंतु २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. म्हणजे कट्ट्यांची कथा आणि हेलियमची कथा यांत तीस वर्षांचे अंतर आहे. लोकांनी ते मिटवून टाकले. त्याच १८९८ च्या ग्रहणाचे वेध सोलापुराकडील जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी घेतले होते. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती. १९१२ नंतर तिची यंत्रे कोडाईकनालला गेली. ज्या रस्त्याने मुलगी रोज कॉलेजात जाते, त्याच्या जवळच ही वेधशाळा एके काळी उभी होती हे कळल्यावर वर्णपट तिला आपला वाटू लागला. आम्हांला हे काहीच ठाऊक नव्हते, हे येथे कबूल करणे बरे.

प्रत्यक्ष आकाश पाहिल्याशिवाय हा विषय शिकता येतो, असे आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही सिद्ध करून दाखवले होते. तसे शिकलेले किती टिकते, तेही आता सिद्ध झाले आहे. नोव्हेंबर सरताना रात्री जेवणानंतर गच्चीवर गेले की पूर्वेस मृग दिसू लागे. त्यातला काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा. आपल्या घरात तांबड्या रंगाची तोटी म्हणजे कढत पाणी. आकाशात नेमके उलटे. काक्षीचा पृष्ठभाग साडेतीन हजार अंशांच्या आसपास, राजन्याचा बारा हजारांच्या. हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे पुस्तकातला ताऱ्यांचा तो प्रसिद्ध आलेख उलटा वाचण्याची चूक होत नाही. मातोश्रींनी तेथेही एक शंका काढलीच. “पावसाचं मृग आणि हे मृग एकच का? मग जूनमध्ये मृग लागतं तेव्हा हे दिसत का नाही?” एकच आहे; आणि दिसत नाही, कारण तेव्हा खुद्द सूर्यच त्या नक्षत्रात असतो. ‘मृग लागले’ याचा अर्थ सूर्य मृगात शिरला असाच आहे. हे वाक्य आम्ही जन्मभर बोलत आलो होतो.

दीर्घिका, विश्वाचे प्रसरण वगैरे शेवटची प्रकरणे वर्गात जशी घाईने उरकली गेली तशीच आमच्याकडेही उरकली. त्यांविषयी फुशारकी मारण्यासारखे काही नाही. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. मुलगी उत्तीर्ण झाली, गुण मध्यम पडले. शेवटच्या प्रकरणावरील दोन प्रश्न तिला आले नाहीत. बंधूंनी “पास झाली ना, मग झाले” असे म्हणून तो विषय मिटवला.

मुलीने मात्र काठी काढू दिली नाही. २१ डिसेंबरला, आता एकही गुण मिळावयाचा नसताना, तिने सावली मोजली. साडेनव्वद सेंटिमीटर. त्यावरून सूर्याचा कोन काढून, त्यातून साडेतेवीस अंश वजा करून तिने आपल्या घराचे अक्षांश काढले, ते आले १८.७. खरे अक्षांश १८.५. नकाशा पाहून ती हसू लागली. तिच्या गणिताने आमचे घर उचलून आळंदीला नेऊन ठेवले होते. “बरंच झालं,” मातोश्री म्हणाल्या, “जायला यायला नको.” चूक कोठे झाली हेही तिनेच शोधले. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे सावलीचे टोक धूसर पडते आणि अर्ध्या सेंटिमीटरचा घोटाळा सहज होतो.

त्या दिवसानंतर सावली आखूड होऊ लागली आणि नवा प्रश्न उभा राहिला. सूर्य उत्तरेकडे वळला हे काठीने दाखवले, तर उत्तरायण आपण संक्रांतीला, चोवीस दिवसांनी, का म्हणतो? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो, त्याची एक फेरी सुमारे २५,८०० वर्षांची. त्यामुळे ताऱ्यांच्या राशी व ऋतू यांत सुमारे बहात्तर वर्षांस एक अंश फरक पडतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रांत व उत्तरायण एकाच दिवशी होत असत. आता हा फरक चोवीस अंशांचा झाला आहे. या अयनांशांवरून महाराष्ट्रात विद्वानांचे केवढे वाद झाले, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ साली प्रसिद्ध झालेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चा ग्रंथ उघडावा. आमच्या कपाटात तो आजोबांच्या वेळेपासून होता. मुलीने तो आता आपल्या खोलीत नेला आहे, आणि परत मागावयाचा आम्हांस धीर होत नाही.

त्याच महिन्यातली संकष्टी. सगळे चंद्रोदयाची वाट पाहत गच्चीवर बसलो होतो. कॅलेंडरात पावणेनऊच्या पुढची वेळ होती. आमचे धाकटे चिरंजीव शिक्षणासाठी लंडनला असतात आणि आजीच्या धाकाने म्हणा, प्रेमाने म्हणा, तिकडे हा उपास करतात. मातोश्री मध्येच म्हणाल्या, “कॅलेंडरात वेळ आपल्याकडची. तिकडे चंद्र किती वाजता उगवणार? पोरगं उपाशी बसायचं.” आम्ही भ्रमणध्वनी काढू लागलो, तोच मुलगी म्हणाली, “थांबा काका, बघू नका.” तिने वहीचे मागचे पान उघडले, एक वर्तुळ काढले, त्यावर एका ठिकाणी साडेअठरा आणि दुसऱ्या ठिकाणी साडेएकावन्न असे आकडे लिहिले, आणि पेन्सिलीचे टोक दातांत धरून पूर्वेकडे पाहत बसली.